नर्मदा परिक्रमेचा शिधा : पाठीवर काय घ्यायचं, वाटेत काय मिळतं, पाणी कुठे तुटतं

फेब्रुवारीतली सकाळ. नर्मदापुरमच्या सेठानी घाटावर आमच्या घरची चार माणसं डबा घेऊन बसलेली. शाहपुऱ्यातून पहाटेच निघालो होतो. डब्यात थालीपीठ, लोणचं, तिळाच्या वड्या; पिशवीत काकांच्या साखरेच्या गोळ्या, कारण त्यांच्याजवळच्या परवाच संपल्या होत्या. दहा वाजले, अकरा वाजले, काकांचा पत्ता नाही, फोन बंद. बारानंतर कुणाच्या तरी फोनवरून त्यांचा आवाज आला, "अरे, मी बुधनीत आहे. सकाळपासून वाट बघतोय." म्हणजे आम्ही दक्षिण तटावर आणि ते उत्तर तटावर, मध्ये नर्मदा. पूल समोरच, पण परिक्रमावासी नदी ओलांडत नाही, पुलावरूनसुद्धा नाही. शेवटी आम्हीच गाडी फिरवून पलीकडे गेलो.

शाहपुरा, अरेरा कॉलनी, कोलार रोड या भागातून दरवर्षी कुणी ना कुणी परिक्रमेला निघतं. बुऱ्हाणपूर, खंडवा, नंदुरबार, जळगाव इकडून तर निघतातच. पायी परिक्रमा म्हणजे मार्गाप्रमाणे साधारण २६०० ते ३००० किलोमीटर आणि पाच-साडेपाच महिने. नदी स्वतः १३१२ किलोमीटर. बाकीचं अंतर वाढतं ते दोन्ही काठ धरून चालल्यामुळे आणि धरणांच्या पाण्याला वळसे घातल्यामुळे. इतक्या लांबच्या चालीत खाण्या-पाण्याचं काय, हा प्रश्न निघणारे सगळ्यात शेवटी विचारतात. उत्तर बहुतेक वेळा एकाच वाक्यात मिळतं, "मैया देते." ते खरंही आहे. पण मैया सगळीकडे सारखं देत नाही. जेवण बहुतेक वाटेवर मिळतं, पाणी काही ठिकाणी मिळत नाही आणि औषध तर फार थोड्या ठिकाणी मिळतं. तयारी करायची ती एवढ्याच जागांसाठी. पाच महिन्यांचा शिधा पाठीवर घेऊन कुणी चालू शकत नाही, तशी गरजही नाही.

आधी दिशा आणि महिने

नदी उजव्या हाताला ठेवायची. म्हणून ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालेला माणूस पश्चिमेला समुद्राकडे जातो, नावेने मुख ओलांडतो, उत्तर तटाने परत येत अमरकंटक गाठतो आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वरला येतो. चातुर्मासात चालत नाहीत, त्यामुळे कार्तिकी एकादशीनंतर प्रस्थान. रोज १८-२० किलोमीटर धरले तर डिसेंबरात शूलपाणीची झाडी, त्यानंतर गुजरातचा सखल भाग आणि समुद्र, फेब्रुवारीच्या आसपास नेमावर-बुधनी, मार्चमध्ये अमरकंटक आणि एप्रिलच्या उन्हात नर्मदापुरम-हंडिया.

हा हिशेब कागदावर मांडून घरी भिंतीला लावा. घरच्यांना त्यावरून दोन गोष्टी कळतात. एक म्हणजे थंडीचे कपडे कधी परत मागवायचे. दुसरी, माणूस कोणत्या तटावर आहे. शाहपुऱ्याहून ७०-७५ किलोमीटरवर परिक्रमावासी दोनदा येतो, पहिल्यांदा बुधनीला आणि दुसऱ्यांदा नर्मदापुरमला. हे दोन शब्द नीट लिहून ठेवले असते तर आमचा डबा गरम राहिला असता.

वाटेवर जेवण कसं मिळतं

नर्मदाकाठी सदावर्ताची परंपरा जुनी आहे. मालव्याच्या राज्यकर्त्यांनी, विशेषतः अहिल्याबाई होळकरांनी, घाट आणि धर्मशाळांबरोबर अन्नदानाचीही सोय लावली होती. आज बहुतेक ठिकाणी आश्रम, मंदिरं आणि गावकरी ते चालवतात. दोन प्रकार असतात. एक म्हणजे तयार जेवण, ज्याला तिकडे 'भोजन प्रसादी' म्हणतात. दुसरा म्हणजे कोरडा शिधा : कणीक, डाळ, तांदूळ, मीठ-मिरची, कधी चमचाभर तूप. तो आपण शिजवायचा. म्हणून जुने परिक्रमावासी एक लहान पातेलं आणि काडेपेटी बाळगतात. चूल तीन दगडांची, सरपण गावात मागून. टिक्कड थापता येत असेल तर उत्तमच. येत नसेल तर निघण्यापूर्वी घरी चार वेळा करून बघा. जाड टिक्कड आतून कच्चं राहतं आणि रात्रभर पोटात दुखतं.

खाण्याची चव भागाप्रमाणे बदलते. निमाडात मक्याची-ज्वारीची भाकर, गुजरातेत खिचडी-कढी, नर्मदापुरमपासून जबलपूरकडे गक्कड-भरता, दिंडोरीकडे कोदो-कुटकीचा भात. एकंदर ताटात धान्य आणि बटाटा भरपूर, डाळ पातळ, भाजी-फळ कमी. पंधरा दिवस हे चालतं, पाच महिन्यांत अंगावर येतं. माणूस वाळतो, हिरड्या दुखतात, पायातलं त्राण जातं. यावर महागडी पावडर नको. रोज मूठभर भाजलेले चणे किंवा शेंगदाणे, आणि हिवाळ्यात जिथे मिळतील तिथे पेरू, बोरं, आवळे, लिंबू. दर आठवड्याच्या बाजारात पाव किलो चणे-दाणे घेतले की पुढचे चार-पाच दिवस निघतात.

चहाबद्दल थोडं बोलायला हवं. सकाळी सहाला निघालेला माणूस अकरापर्यंत तीन-चार घरी थांबतो आणि प्रत्येक घरी गोड चहा येतो. नाही म्हणता येत नाही. "लो बाबाजी, चाय तो पीना पड़ेगी", किंवा बाई असेल तर "माताराम, बैठो." प्रेमाने दिलेलं असतं. पण त्या चहाने भूक मरते, साखर चढते आणि जेवण दुपारी एक-दीडपर्यंत लांबतं. आमच्या काकांचं हेच झालं होतं. मधुमेह असेल तर पहिल्याच घरी सांगायचं, "शक्कर नहीं चलती, पानी पिला दो." कुणी रागावत नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ पुढे-मागे झाली तर काय करायचं हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावं. गोळी घेतली आणि जेवण मिळालं नाही, तर साखर एकदम उतरते. त्यासाठी गुळाचा खडा खिशात हवा, पिशवीच्या तळाशी नव्हे.

पाठीवरचं वजन

सगळी पिशवी अंगाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवा. साठ किलोच्या माणसाला सहा-सात किलो, पाणी धरून. पाणी दोन लिटर म्हणजे दोन किलो तिथेच गेले. पांघरूण, दोन जोड कपडे, पूजेची कुपी, औषधं, पातेलं यांत साडेतीन-चार किलो जातात. खाण्यासाठी उरतं एक किलो. तेवढं पुरतं.

त्या एका किलोत काय? आमचा हिशेब असा : एका दिवसाला २०० ग्रॅम सातू, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, ५० ग्रॅम खजूर. साडेचारशे ग्रॅममध्ये साधारण १८०० ते १९०० कॅलरी होतात. दिवसभर पिशवी घेऊन चालणाऱ्याला याहून बरंच जास्त लागतं, म्हणजे पोट भागतं, भरत नाही. पण माणूस दिवस काढू शकतो. असे दोन दिवसांचे दोन पुडे करायचे आणि ते राखीव समजायचे. एक वापरला की पुढच्या दुकानातून लगेच भरायचा. सातू घेण्याचं कारण सोपं : चूल लागत नाही, पाण्यात कालवलं की झालं. चिवडा, फरसाण, बिस्किटं जागा खूप घेतात आणि तहान वाढवतात. लाडू चांगले, पण तुपाचे लाडू निमाडच्या दुपारी पिशवीत वितळतात. ते पहिल्या आठवड्यातच संपवा.

जगन्नाथ कुंट्यांचं 'नर्मदे हर हर' वाचून ओढ लागलेले बरेच जण असतात. ओढ चांगली, सामान मात्र आपल्या गुडघ्यांच्या हिशेबाने भरायचं.

पाणी

जेवणाचं चुकलं तर एक वेळ उपाशी राहता येतं. पाण्याचं तसं नाही. हिवाळ्यात चालताना तासाला साधारण अर्धा लिटर आणि दिवसाला तीन लिटर धरा. एप्रिलच्या उन्हात तासाला पाऊण ते एक लिटर लागू शकतं, दिवसाला पाच लिटर. लघवी गडद पिवळी झाली की आपण मागे पडलो आहोत असं समजावं. थंडीत तहान लागत नाही, म्हणून अमरकंटकच्या बाजूला लोक पाणी प्यायचंच विसरतात आणि मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात. उलट उन्हात नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. मिठाचं काहीतरी सोबत हवं.

ओआरएसची पाकिटं सात-आठ ठेवा. ती आरोग्य केंद्रात आणि गावच्या आशाताईंकडे मिळतात. संपली तर घरचं : एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे सपाटच घ्या, मीठ अंदाजाने टाकू नका.

आता नाजूक विषय. नर्मदेचं पाणी तीर्थ आहे, भोपाळच्या मोठ्या भागात नळानेही तेच येतं. पण नळाचं पाणी शुद्ध होऊन येतं, घाटावरचं येत नाही. वर गावं आहेत, शहरांचे नाले आहेत. आचमन नदीचं घ्या, बाटली हातपंपाने भरा. नदीचं किंवा विहिरीचंच भरावं लागलं तर चार पदरी फडक्याने गाळून खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. चूल नसेल तर क्लोरीनची गोळी. पाकिटावर किती लिटरला एक गोळी ते लिहिलेलं असतं, तेवढंच प्रमाण, आणि अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी. धार, झाबुआ, मंडला या जिल्ह्यांत काही ठिकाणी जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते उकळून किंवा गोळीने जात नाही. एक-दोन दिवसांत काही होत नाही, पण हातपंपावर लाल रंग मारलेला असेल तर पुढच्या पंपापर्यंत चाला.

शूलपाणीची झाडी

बडवानीजवळचा राजघाट सरदार सरोवराच्या पाण्यात गेला. तिथून पुढे गुजरातेत गोऱ्यापर्यंतचा डोंगराळ पट्टा म्हणजे शूलपाणीची झाडी, आणि त्यातला काही भाग आपल्या नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा तालुक्यांत येतो. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा थोडीच आहे, तीही सीमा म्हणून. पूर्वी या झाडीत परिक्रमावासीयाला अंगावरच्या कपड्यांसकट लुटत, अशा कथा प्रत्येक जुन्या माणसाकडून ऐकायला मिळतात. आज तीच भिल्ल-पावरा कुटुंबं रात्री ओसरीवर झोपायला जागा देतात आणि मक्याची भाकर देतात. लुटीची भीती मनातून काढा, पाण्याची मात्र ठेवा.

इथे पाडे विखुरलेले आहेत. एका पाड्यापासून दुसऱ्यापर्यंत चढ-उतार इतका, की पाच किलोमीटरला तीन तास जातात. नदी खाली दिसत राहते, पण पाणी भरायला उतरलं तर पुन्हा चढायला दम उरत नाही. डोंगरातले झरे डिसेंबरात असतात, उशिरा पोहोचलात तर आटतात. म्हणून या पट्ट्यात शिरताना दोनऐवजी तीन लिटर पाणी घ्या आणि राखीव पुडे दोन्ही भरलेले असू द्या. निघताना प्रत्येक पाड्यावर एकच प्रश्न विचारायचा : पुढचं पाणी कुठे? अंतर विचारू नका. "इथेच आहे, पलीकडे" याचा अर्थ एक डोंगर असू शकतो. मोबाइलवर पैसे पाठवायचं इथे विसरा. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा. दुकान असलं तर तेल, मीठ, बिस्किटं, साबण, एवढंच. खरी खरेदी आठवडे बाजारात होते, तो कोणत्या वारी भरतो हे आदल्या मुक्कामी विचारून घ्या.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. परिक्रमेला जाणारे आता खूप वाढले आहेत. ज्या घरात स्वतःच्या पोरांना पावसाळ्यापर्यंत धान्य पुरवायचं असतं, ते घर रोज पाच-दहा जणांना जेवू घालतं. आपण काय करायचं? मुलांना चॉकलेटं वाटू नका. बाजारातून किलोभर डाळ, तेलाची पिशवी घेऊन ती ज्या स्वयंपाकघरात जेवतो तिथे द्या, आणि दान म्हणून नाही, शिधा म्हणून. शिजवलेलं ताटात टाकायचं नाही, हे तर सांगायलाच नको.

ज्यांना गुडघे किंवा वय परवानगी देत नाही ते खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा खालचा रस्ता धरतात. नदी फार लांब राहते, पण दुकानं, दवाखाने, एसटी सगळं हाताशी. यात कमीपणा नाही.

समुद्रापाशी आणि धरणांच्या काठी

अंकलेश्वर, हांसोट ओलांडलं की जमीन सपाट, वारा खारा आणि पाणीही मचूळ. विमलेश्वर-कठपोर भागातून नाव मिठी तलाईला जाते. ती भरतीच्या वेळेवर सुटते, आपल्या वेळेवर नाही. गर्दी असली तर मुक्काम वाढतो. नावेत कित्येक तास जातात, उन्हात, आणि तिथे पिण्याचं पाणी नसतं. दोन लिटर भरून, जेवण हलकं करून चढा. मळमळ होणाऱ्यांनी आलं किंवा लिंबू जवळ ठेवावं. पलीकडे उतरल्यावर पहिल्या आश्रमापर्यंत चालायचं असतं, म्हणून नावेतच बाटली रिकामी करू नका.

धरणांमुळे जुन्या पोथ्यांमधली मुक्कामाची गावं बरीच बुडाली. इंदिरा सागरात २००४ साली हरसूद गेलं; सरदार सरोवर आणि जबलपूरजवळच्या बर्गीचीही हीच कथा. फुगवट्याच्या काठाने वाट तुटते आणि रस्त्याने लांबचा वळसा पडतो. जुन्या पुस्तकात 'इथे सदावर्त' लिहिलं असेल तर खात्री धरू नका. आदल्या मुक्कामी, नुकत्याच त्या वाटेने आलेल्या माणसाला विचारा.

घरून काय आणि कुठे पोहोचवायचं

जेवण पोहोचवू नका, ते एका दिवसात संपतं. पोहोचवायचं ते वाटेत मिळत नाही तेच : नेहमीच्या गोळ्या, क्लोरीन, मोजे, चष्म्याची दुसरी जोडी, आणि मार्चनंतर स्वेटर परत नेणं. भेटीच्या सोयीच्या जागा म्हणजे बडवानी, राजपिपला, भरूच, महेश्वर-मंडलेश्वर, बुधनी, जबलपूर, मंडला, नर्मदापुरम. बडोदा-सुरतेकडे नातेवाईक असतील तर भरूचची जबाबदारी त्यांच्यावर टाका. गरुडेश्वरला टेंबे स्वामींची समाधी आहे, त्यामुळे मराठी माणसांची ये-जा बारमाही असते. तिथेही निरोप पोहोचतो. ठिकाण सांगताना तट सांगा. औषधं प्रत्येक वेळी पुढच्या भेटीपेक्षा दहा दिवस जास्तीची द्या, कारण ताप येतो, पाय मुरगळतो, भेट लांबते.

शाहपुऱ्यात तयारी कशी करायची

महिनाभर आधी भरलेली पिशवी घेऊन शाहपुरा तलावाच्या काठाने सकाळ-संध्याकाळ चाला. लोक हसतात, हसू द्या. सातूवर एक पूर्ण दिवस काढून बघा; पोट बिघडणार असेल तर ते घरी बिघडलेलं बरं. नंतर राणी कमलापतीहून गाडीने नर्मदापुरमला जा आणि सेठानी घाटापासून बांद्राभानच्या तवा-संगमापर्यंत जाऊन परत या. एका दिवसाची चाल होते. बाटली किती वेळा भरली आणि कुठे, ते वहीत लिहा. मात्र भोपाळहून पायीच बुधनीला जायचा हट्ट नको. बरखेडा-बुधनी घाट रातापानीच्या जंगलातून जातो, तिथे वाघ आहेत, महामार्गावर ट्रक आहेत, आणि त्यातून शिकायचं काही नाही.

काकांनी परिक्रमा पूर्ण केली. एप्रिलच्या शेवटी ते नर्मदापुरमला आले तेव्हा आम्ही सेठानी घाटावरच बसलो होतो, या वेळी बरोबर. त्यांनी पिशवी उघडली तर तळाशी सातूचा एक पुडा तसाच होता, गाठ न सोडलेला. तो त्यांनी शेजारी बसलेल्या, त्या दिवशी निघणाऱ्या एका बाबाजींना देऊन टाकला.